लायसन्स आता काढलं तर अडकलेले पैसे मिळतील का?

सनीव्हेलहून एका वाचकांनी लिहिलं आहे: "मी बी.ई. सिव्हिल. नाशिकला सहा वर्षं साइटवर होतो, २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात आलो. २०१९ ते २०२२ हेवर्डच्या एका लायसन्सधारक काँट्रॅक्टरकडे पगारावर सुपरवायझर होतो. मग ओळखीच्यांची किचन-बाथरूमची कामं स्वतःच घेऊ लागलो, लायसन्सशिवाय. एका कुटुंबाचं किचन ३८,००० डॉलरला ठरलं. सुरुवातीला १२,००० घेतले, मध्ये आणखी १२,०००. गेल्या ऑगस्टमध्ये काम पुरं झालं. उरलेले १४,००० ते देत नाहीत, उलट दिलेलेही परत घेऊ म्हणतात. लगेच लायसन्स काढून दावा लावू का? एक परिचित दरमहा काही रक्कम घेऊन आपला लायसन्स नंबर वापरू द्यायला तयार आहेत. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे."

दावा लावू नका. नोटीस पाठवू नका, घरावर बोजाही चढवू नका. तुमचं काम चांगलं झालं असेल यावर माझा विश्वास आहे आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण ते १४,००० डॉलर गेले असं धरून चाला. आता वाचवायचे आहेत ते हातात आलेले २४,०००.

आपल्याकडची समज इथे दगा देते. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नोंदणी लागते ती सरकारी कामांसाठी. कुणाच्या घरचा ओटा आणि फरशी करायला ती कुणी विचारत नाही. शिवाय भारतीय करार कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ समोरच्यानं घेतला, तर त्याची भरपाई त्यानं द्यायला हवी. कॅलिफोर्नियात नेमकी हीच वाट बंद केलेली आहे. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ७०३१ प्रमाणे काम चालू असताना सगळा वेळ लायसन्स हवं, मध्ये एक दिवसही नसेल, तर मोबदल्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नाही. करार तोंडी होता की लेखी, काम उत्तम झालं की वाईट, याला महत्त्व नाही. घरमालकाला तुमच्याकडे लायसन्स नसल्याचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही चालत नाही. १९९१ च्या हायड्रोटेक खटल्यात तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं इथवर म्हटलं की ग्राहकानं पैसे द्यायचं खोटं आश्वासन देऊन काम करून घेतलं असलं, तरी विनालायसन्स काँट्रॅक्टरला दाद नाही. आज काढलेलं लायसन्स मागच्या ऑगस्टपर्यंत मागे जात नाही.

त्याच कलमाचा दुसरा भाग आणखी कठोर आहे. घरमालक दिलेली सगळी रक्कम परत मागू शकतो. त्यातून तुम्ही कॅबिनेट आणि टाइल्सवर खर्च केलेले पैसेही वजा होत नाहीत. म्हणजे किचन त्यांचं आणि २४,००० पण त्यांचे. तुमच्या बाजूला एकच गोष्ट आहे, मुदत. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं २०२० मध्ये ठरवलं की अशा परताव्याचा दावा काम पूर्ण झाल्यापासून किंवा थांबल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. तेव्हा ऑगस्टची नेमकी तारीख, शेवटच्या दिवसाचे फोटो आणि मेसेज जपून ठेवा. आणि "ते ड्रॉवरचं हँडल तेवढं बसवून द्या" म्हणून बोलावलं तर जाऊ नका. पुन्हा हत्यार उचललंत की वर्ष कुठून मोजायचं, हा नवा वाद उभा राहील.

तडजोड होत असेल तर ती मात्र जरूर करा. तुम्ही उरलेल्या १४,००० वरचा हक्क सोडता, ते दिलेल्या रकमेच्या परताव्याचा हक्क सोडतात, असा लेखी करार वकिलाकडून करून घ्या. "बोर्डाकडे (म्हणजे काँट्रॅक्टरना लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे) तक्रार करायची नाही" अशी अट त्यात घालू नका. तुमच्याबरोबर मदतनीस होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांची मजुरी थकवू नका. घरमालकानं पैसे दिले नाहीत, हे तिथे कारण होत नाही.

फौजदारी बाजूही सांगायला हवी. लायसन्सशिवाय काँट्रॅक्ट घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. घरदुरुस्तीच्या कामात सुरुवातीला १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली कमी असेल तेवढीच उचल घेता येते. तुम्ही घेतलेले १२,००० हा वेगळा भंग आहे. बोर्डाकडून किंवा सरकारी वकिलाकडून पत्र आलं, तर स्वतः उत्तर देऊ नका. गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं व्हावं असं वाटेल, पण नागरिकत्वाच्या अर्जात अटक, आरोप, दोषसिद्धी सगळं विचारतात. कबुली देण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

परिचितांच्या नंबराचा नाद सोडा. दुसऱ्याच्या कंपनीसाठी पात्र व्यक्ती म्हणून नाव देणाऱ्यानं कामावर प्रत्यक्ष देखरेख आणि नियंत्रण ठेवायचं असतं. महिना घेऊन नुसता नंबर देणं त्यांनाही गुन्ह्यात अडकवेल. १,००० डॉलरखालच्या कामाला लायसन्समधून सूट आहे, ही गोष्ट १ जानेवारी २०२५ पासून खरी आहे (पूर्वी मर्यादा ५०० होती). पण परमिट लागत नसेल आणि हाताखाली माणूस नसेल तरच. मोठ्या कामाचे हजार-हजारचे तुकडे पाडलेले चालत नाहीत.

आता लायसन्स. मला हळहळ वाटते ती इथे, कारण तुम्ही बहुधा आधीच पात्र होता. अर्जाच्या आधीच्या १० वर्षांत त्या कामाचा चार वर्षांचा अनुभव लागतो, तोही कुशल कारागीर, फोरमन, सुपरवायझर किंवा काँट्रॅक्टर म्हणून. नाशिकची वर्षं या खिडकीबाहेर गेली. पण शिक्षणाचं जास्तीत जास्त तीन वर्षांचं श्रेय मिळू शकतं. परदेशी पदवीचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि किती श्रेय द्यायचं ते बोर्ड ठरवतं. हेवर्डची तीन वर्षं धरली तर पदवीतून एकच वर्ष हवं आहे. विनालायसन्स केलेली कामं अनुभव म्हणून लिहू नका. अर्जावरची सही खोटं बोलल्यास शिक्षेच्या अधीन असते आणि ती कामं लिहिणं म्हणजे गुन्ह्याची लेखी कबुलीच.

वर्ग बी-२ मागा, म्हणजे घरांच्या नूतनीकरणाचा. सर्वसाधारण इमारतीच्या 'बी' वर्गाला लाकडी चौकटीच्या बांधणीचा अनुभव अपेक्षित असतो. आपला आरसीसी आणि विटांचा हात तिथे फारसा मोजला जात नाही. बी-२ मध्ये एका करारात किमान तीन वेगवेगळ्या प्रकारची कामं हवीत, जी किचनमध्ये सहज असतात. भार पेलणाऱ्या भिंतीला मात्र हात लावता येणार नाही. अर्जाला ४५० डॉलर, मग कायदा-व्यवसाय आणि कामाची अशा दोन परीक्षा, बोटांचे ठसे, शेवटी एकट्या मालकाला २०० डॉलर. २५,००० चा बॉन्ड (हमीपत्र) ऐकून घाबरू नका, तेवढी रक्कम भरायची नसते. विम्यासारखा वार्षिक हप्ता असतो.

सगळं अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. तो तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्यानंच भरायचा असतो. हेवर्डच्या मालकांना या आठवड्यात भेटा, पगाराच्या पावत्या आणि डब्ल्यू-२ (मालकानं दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) बरोबर न्या. ते नाही म्हणाले तर तिथल्या सहकाऱ्याचा किंवा तुमची कामं तपासलेल्या इन्स्पेक्टरचा दाखलाही चालतो.