सर्फिंगसाठी किनारा कसा निवडावा?

प्रश्न : दिवाळीत भाऊबिजेला आम्ही रत्नागिरीला असू. चौदा वर्षांच्या मुलीला सर्फिंग शिकायचं आहे. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून आरे-वारे फार सुंदर दिसतं. तिथेच सुरुवात केली तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आरे-वारे वरच्या रस्त्यावरून डोळे भरून पाहा, पण शिकायला तिथे उतरू नका. पोहणाऱ्यांसाठीही तो धोक्याचा किनारा मानला जातो. नवशिक्याने किनारा निवडताना देखावा नाही, उतार पाहायचा. पूर्ण ओहोटीला ओल्या वाळूचा पट्टा रुंद आणि सपाट दिसला, तर लाट दूरवर फुटते आणि फेस होऊन हळूहळू आत येते. शिकायला तोच फेस हवा. वाळू तीव्र उताराची असेल, तर भरतीला लाट थेट काठावर आपटते. तिथे पडलेल्याची मान आणि खांदा दुखावतो. दापोलीजवळचा कर्दे-मुरुडचा लांबलचक सपाट किनारा या दृष्टीने बरा. खाडीचं मुख मात्र कुठलंही असो, टाळाच. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी तिथूनच बाहेर धावतं.

वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. भाऊबीज द्वितीयेची, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सव्वासहा तास, सकाळी सव्वासातला, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. साडेआठ ते साडेदहा हा चढत्या पाण्याचा काळ तुम्हाला सोयीचा. तोवर बहुधा जमिनीवरून मतलई वारा असतो आणि लाट साफ राहते. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खवळतं. अमावस्या नुकतीच झालेली असल्याने उधाण असेल, ओढ नेहमीपेक्षा जास्त. मुलीला कंबरभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नका. आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज पाहा. उंची एक मीटरच्या वर दाखवत असेल, तर बेत पुढे ढकला.

पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं काठावर उभं राहून पाणी वाचा, ही आमची कळकळीची विनंती. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, गडद किंवा गढूळ आहे, फेस समुद्राकडे चाललाय, तर तिथून पाणी परत आत ओढलं जात आहे. शांत दिसतं म्हणून पर्यटक नेमके तिथेच उतरतात. त्यात सापडल्यास काठाकडे पोहू नका, दमछाक होते. फळी सोडू नका, तिच्यावर पडून राहा, हात उंच करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर वल्हवत लाटा फुटतात तिकडे सरका.

जून ते ऑगस्ट नवशिक्यांनी समुद्रात जाऊच नये. नारळी पौर्णिमेनंतरही लाटा लगेच मऊ होत नाहीत. ऑक्टोबर उजाडू द्या. त्या महिन्यात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला, तर त्याच क्षणी बाहेर या.

प्रश्न : लाट पकडताना फळीचं टोक पाण्यात घुसतं आणि मी उलटा पडतो. काय चुकतं? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही फळीवर फार पुढे झोपता. पायाची बोटं शेपटीच्या टोकापर्यंत येऊ द्या. टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहिलं पाहिजे. फार मागे गेलात, तर फळी अडते आणि लाट खालून निघून जाते. फळी आठ-नऊ फुटांची, मऊ फोमची घ्या. आखूड फळीवर तोल साधत नाही. लीश, म्हणजे घोट्याची दोरी, मागच्या पायाला बांधा.

लाट चार-पाच मीटर मागे असताना वल्हवायला लागा. लाटेने फळी उचलली तरी थांबू नका, आणखी दोन हात जोरात मारा. मग तळवे बरगड्यांजवळ टेकवून छाती उचला आणि दोन्ही पाय एका दमात खाली आणा. गुडघ्यावर थांबायची सवय लावून घेऊ नका, नंतर ती सुटत नाही. नजर काठावरच्या सुरूच्या झाडांवर; पायांकडे पाहिलंत की पडलातच. पडताना अंग पसरून पडा, डोकं खाली घालून सूर मारू नका, आणि वर येताना हात डोक्यावर धरा. आत चालत जाताना फळी कुशीला धरा. लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये ती आडवी आली, तर सरळ तोंडावर आदळते.

प्रश्न : पाकट डंख मारतो म्हणतात. काळजी काय घ्यावी? – एक वाचक, पुणे

उत्तर : हा चपटा, शेपटीला काटा असलेला मासा उथळ पाण्यात वाळूत पुरून बसतो. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत पुढे जा. चाहूल लागली की तो निघून जातो. डंख झालाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय निदान अर्धा तास बुडवा. वेदना बरीच उतरते. आत काटा राहिला असेल, तर स्वतः उपटू नका, डॉक्टरांकडे जा.

आणखी एक, न विचारलेलं. सिंधुदुर्गात काठावरून रापण ओढत असतील, तर जाळं पूर्ण बाहेर येईपर्यंत त्या भागात फळी नेऊ नका. दोरात लीश अडकते, आणि ओढणाऱ्यांची सकाळभराची मेहनत वाया जाते. ओहोटीला ओढ कुठल्या बाजूला लागते, हे त्यांच्याइतकं नेमकं क्वचितच कुणी सांगेल. उतरण्याआधी त्यांना जरूर विचारा.