६० अश्वशक्तीच्या गाडीला ५ लाखांचं इंजिन घालावं का?

शिरोली एमआयडीसीत क्वालिटी विभागात काम करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २००१ची सॅन स्टॉर्म आहे, तीन वर्षांपूर्वी २ लाख ६० हजारांना घेतलेली. इंजिन आता ऑइल खातंय, सकाळी सुरू करताना निळा धूर मारतंय. एका गॅरेजने जुन्या होंडा सिटीचं १.५ व्हीटेक इंजिन बसवून द्यायचे ५ लाख सांगितलेत. २ लाखांची एफडी मोडायची आणि ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढायचं, असा त्यांचा बेत आहे. पगार हातात ६२,००० येतो. त्यातून घराचा हप्ता १८,५०० आणि घरखर्च २६,००० जातो. मुलगी दुसरीत आहे. ‘आयुष्यात हा एवढाच छंद आहे, करू का?’ असं त्यांनी विचारलंय.

करू नका. छंद सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. गोव्याकडची ही दोन सीटांची फायबर बॉडीची गाडी आपल्या देशात मोजकीच बनली, आणि ती तुम्ही गंजू न देता चालती ठेवलीत याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच हिशोब नीट मांडतो.

आधी कर्ज. ३ लाखांवर १३ टक्क्यांनी ३६ महिन्यांचा हप्ता साधारण १०,१०८ रुपये बसतो आणि व्याजापोटी जवळपास ६४,००० जातात. घराचा हप्ता धरून महिन्याला २८,६०० होतात, म्हणजे पगाराच्या ४६ टक्के. घरखर्च गेल्यावर हातात सात हजारांच्या आसपास उरतील. शाळेची फी, विमा, सणवार आणि आजारपण यातूनच निघायला हवं. आणि त्याच वेळी एफडी मोडलेली असेल. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ४४,५०० लागतात, म्हणजे ही २ लाखांची ठेव म्हणजे साडेचार महिन्यांचा दम. मी सहा महिन्यांचा धरतो, म्हणजे अजून ६७,००० कमी आहेत. ऑर्डरी कमी झाल्या की एमआयडीसीत ओव्हरटाइम आधी बंद होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ही ठेव गाडीसाठी नाहीच.

आता गाडीत घातलेले पैसे परत किती मिळतील? गुजरीत दागिना मोडायला नेला की सराफ वजन धरतो, घडणावळ धरत नाही. इंजिन बदल म्हणजे निव्वळ घडणावळ. गाडी २.६० लाखांची, काम ५ लाखांचं आणि व्याज ६४ हजार, म्हणजे सव्वाआठ लाखांच्या जवळ. एवढे देणारं गिऱ्हाईक मिळणं फार कठीण. उलट स्टॉर्म शोधत येणारा माणूस मूळ रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आहे का, हेच आधी विचारेल. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते तेव्हा लोक मान उंचावून बघतात. जुन्या गाडीचं मोल कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. केंद्राच्या २०२१च्या व्हिंटेज नियमांतही ५० वर्षं पूर्ण आणि गाडी मूळ रूपात, अशीच अट आहे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी कागदांची वाटते, कारण तिथे नुकसान ५ लाखांवर थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच प्रकारचं इंजिन बसवलं तर आरटीओची मंजुरी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवता येतो. दुसऱ्या कंपनीचं, ६०च्या जागी १०६ अश्वशक्तीचं इंजिन ही वेगळी गोष्ट झाली. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमची गाडी २००१ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण २०२६मध्ये येतं. त्या वेळी बॉनेट उघडून इंजिन नंबर बघतात.

दंड एक वेळ भरता येईल. समजा गगनबावड्याच्या रस्त्यावर कुणाला धडक बसली. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललेलं आहे हे निघालं, तर तुमच्या गाडीचा दावा ती नाकारू शकते. समोरच्याची भरपाई दिली तरी ती तुमच्याकडून वसूल करायला कोर्टात जाऊ शकते. अपघातातल्या मृत्यूची भरपाई लाखांत जाते, आणि मग विषय तुमच्या घरापर्यंत पोहोचतो. मुलगी दुसरीत असलेल्या बापाने ही जोखीम घेऊ नये, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

कोटेशनही अपुरं वाटतंय. तुम्ही पाठवलेल्या यादीत इंजिन, गिअरबॉक्स, मजुरी आणि ‘वायरिंग वगैरे’ आहे. इंजिनाचे माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट, रेडिएटर आणि सायलेन्सरची लाइन कुठे आहे? ब्रेक तर दिसतच नाहीत. ६० अश्वशक्तीसाठी बनलेले ब्रेक १०६ला तसेच ठेवणार का? ही कामं सुरू झाली की मधे थांबता येत नाही, कारण गाडी अर्धी उघडी पडलेली असते. पाचाचे साडेसहा होतात ते असेच.

मग काय करायचं? तुम्हीच लिहिलंय की उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी मूळ इंजिन बांधून द्यायचे ७०,००० सांगितलेत. ते तुम्ही एका ओळीत उडवून लावलंत, पण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. ज्या गल्ल्यांत ऑइल इंजिनं घडली, तिथे झिजलेल्या सिलिंडरचं बोअरिंग आणि लाइनर करणारे हात अजून आहेत. हेच इंजिन क्लिओ आणि ट्विंगोतही होतं, तेव्हा पिस्टन-रिंगा बाहेरून मागवता येतील. त्या आल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका. कर्जाच्या हप्त्याला तुम्ही महिन्याला दहा हजार काढणारच होतात. त्यातले ४,००० गाडीच्या आवर्ती ठेवीत टाका. १८ महिन्यांत व्याज सोडून ७२,००० होतात. आणखी ४,००० एफडीशेजारी साठवले की तिथली ६७,०००ची तूटही त्याच सुमारास भरून निघते. उरलेले दोन हजार घरात राहू द्या.

वेगाची हौस असेल तर हुपरीजवळ मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक आहे. महिन्यातून एकदा तिथे जाऊन या, वहिनींना आणि लेकीलाही न्या. पुढे कधी ट्रॅकसाठीच वेगळी, रस्त्यावर न आणायची गाडी घ्यावीशी वाटली आणि सगळे पैसे रोख साठलेले असले, तर इंजिन बदलाचा विचार मी तुमच्याबरोबर आनंदाने करेन.

सध्या एवढंच करा. गॅरेजला आगाऊ रक्कम देऊ नका. एफडीवर वहिनींचंही नाव आहे असं लिहिलंय, तर हे कोटेशन त्यांना पूर्ण दाखवा. आणि या रविवारी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती धरतो ते बघणारी चाचणी, करून घ्या. निळा धूर व्हॉल्व्ह सीलचाही असू शकतो, आणि तसं असेल तर ७०,०००ही लागणार नाहीत. चारही सिलिंडरचे आकडे लिहून पाठवा. त्यावरून आवर्ती ठेव १८ महिन्यांची ठेवायची की कमी, ते ठरवू.