गंधक 'तो', मग पार्वतीचा कसा?

विचारणा अशी आहे: रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं बनवण्याच्या आयुर्वेदातल्या शाखेत, पारा म्हणजे शंकराचं वीर्य आणि गंधक म्हणजे पार्वतीचं रज. पण मराठीत दोन्ही शब्द पुल्लिंगी. 'गंधक' मुळात स्त्रीलिंगी होता का?

नाही. संस्कृतातही तो पुल्लिंगीच. नाव पडलं ते वासावरून. गल्लत होते ती 'लिंग' या शब्दापाशी. 'गंधक पेटला' म्हणायचं की 'पेटली', एवढंच व्याकरण ठरवतं. संस्कृतात बायकोला 'दार' म्हटलं की पुल्लिंग, 'कलत्र' म्हटलं की नपुंसकलिंग. त्यानं कुणाचा संसार अडला नाही! रसशास्त्र पाहतं ते द्रव्याचं काम. पारा चंचल, हातात न ठरणारा. त्याला धरून ठेवतो गंधक. खलात दोघांना एकत्र घोटत राहिलं की पाऱ्याची चकाकी जाते, गंधकाचा पिवळेपणाही जातो आणि उरते काजळासारखी काळी भुकटी, कज्जली. चिमूटभर पाण्यात कालवून उन्हात धरायची. एक कण जरी चमकला तरी घोटणं बाकी आहे. चमक पुरती गेली की ती 'निश्चंद्र'. काय सुरेख शब्द आहे! शिवशक्तीचं रूपक या खलातून आलं, व्याकरणातून नव्हे.

गंमत म्हणजे युरोपातल्या किमयागारांनी याच जोडीची वाटणी उलटी केली: गंधक उष्ण, कोरडा म्हणून पुरुष, पारा थंड, ओला म्हणून स्त्री. तेव्हा इंग्रजी पुस्तकातले तक्ते आपल्या रसग्रंथांवर चिकटवू नयेत. 'चांदी' स्त्रीलिंगी म्हणून तो धातू स्त्रीतत्त्वाचा, असंही जुळवू नये. तिलाच 'रुपं' म्हटलं की ते नपुंसकलिंगी. तुळशीच्या लग्नात मात्र सगळं जमून येतं: तुळस ती, शाळिग्राम तो.

सगळ्यात मजा हिऱ्याची. 13व्या शतकाच्या सुमाराचा 'रसरत्नसमुच्चय' हिऱ्याच्या तीन जाती सांगतो. आठ धारांचा, सहा कोनांचा, लखलखीत तो पुरुष. चपटा, लांबट गोल ती स्त्री. बोथट कोनांचा, जरा जड ते नपुंसक. आता ग्रंथातला शब्द पाहा: 'स्त्रीवज्रम्' (वज्र म्हणजे हिरा), म्हणजे नपुंसकलिंगी. आणि मराठीत आपण म्हणणार, 'हा स्त्रीजातीचा हिरा'.