आई-बाबांना विमानाने काठमांडूला नेतोय, पासपोर्ट नाही. आधार कार्ड चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८, आई ६२. वडिलांचं आधारवर होईल. आईंचं होणार नाही, त्यांचं व्होटर कार्ड आजच शोधायला घ्या.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून "आधार आहे की!" असं सगळेच धरून चालतात. आम्हीही तेच केलं. ठाण्यातल्या नौपाड्यातून पहाटे निघालो, आई-बाबा, मी आणि मावशी. मावशी ६१ची. काउंटरवरच्या मुलीने तिचं आधार उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पासपोर्ट किंवा व्होटर आयडी?" मावशीने पर्समधून पॅन कार्ड काढलं, मग बँकेचं पासबुक, शेवटी टीएमटीचा (ठाण्याच्या बसचा) पास. व्होटर कार्ड घरी, कपाटात, साड्यांच्या घडीखाली! मावसभाऊ ते घेऊन बाइकवर सुटला खरा, पण तो पोचेपर्यंत काउंटर बंद. मावशी दुसऱ्या दिवशी नवं तिकीट काढून एकटी आली. चूक आमचीच, त्या मुलीची नाही.

गोम अशी आहे की इमिग्रेशनला तुम्ही कोण यासोबत तुम्ही कुठल्या देशाचे हेही हवं असतं. आधार रहिवाशाला मिळतं. इथे १८२ दिवस राहिलेला परदेशी माणूसही ते काढू शकतो. आधार कायद्याच्या (२०१६) कलम ९ मध्येच लिहिलंय की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. मतदार मात्र नागरिकच होऊ शकतो.

सूट आहे ती १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. त्यांना आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, फोटो असलेलं रेशन कार्ड यातलं काहीही चालतं. १५ ते १८ची मुलं मुख्याध्यापकांनी दिलेल्या ओळखीच्या दाखल्यावर जाऊ शकतात.

आणखी एक नियम कोणीतरी तुम्हाला सांगेलच: कुटुंब एकत्र असेल तर एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड असलं की बाकीच्यांना नात्याचा आणि फोटोचा पुरावा पुरतो. नियम खरा आहे. पण कुटुंब म्हणजे नवरा-बायको, अल्पवयीन मुलं आणि आई-वडील. मावशी त्यात बसत नाही. आणि पहाटे चार वाजता काउंटरवर हुज्जत घालायची तयारी असेल तरच त्याच्या भरवशावर जा.

व्होटर कार्ड हरवलं असेल तर निवडणूक आयोगाचा फॉर्म ८ भरून दुसरं मागवता येतं, पण ते पोस्टाने येतं, तेव्हा तारखांकडे बघा. हाताशी वेळ असेल तर मी सरळ वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट घेईन. साधं पुस्तक १५०० रुपयांत होतं. पुढे भूतानचा बेत निघाला तर तिथे मोठ्यांना पासपोर्ट किंवा व्होटर कार्डच लागतं.

कार्ड सापडलं की तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आमच्या आईच्या कार्डावर बाबांचं नाव चुकलेलं निघालं, तिचं स्वतःचं बरोबर होतं म्हणून निभावलं.