मटण गेलं, पनीर आलं

प्रश्न : मुलगी बेळगावात कॉलेजला आहे. पर्यावरणासाठी तिनं मटण सोडलं आणि आता आमच्याही मागं लागलीय. घरी आली की तिला पनीर मात्र हवंच. आमच्या दोन म्हशी, चार शेरडं डोंगरावर चरतात. त्यानं पर्यावरणाचं काय बिघडतं?
– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, लेकीचं म्हणणं खरं आहे, पण पनीरपाशी येऊन ते लंगडतं.

म्हैस, गाय, शेरडू, मेंढरू ही रवंथ करणारी जनावरं. पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. शेरडू डोंगरावर चरलं तरी ढेकर देतंच. कोंबडी रवंथ करत नाही, म्हणून तिचा बोजा बराच कमी. पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र मांडली. त्यात किलोमागे हवा तापवणाऱ्या वायूंत गोमांस सगळ्यांत वर, मटणही वरच्याच रांगेत. पण चीजसुद्धा कोंबडीच्या दुपटीहून जास्त! पनीर त्याच जातीचं. किलोभर पनीरला म्हशीचं पाचेक लिटर दूध आटतं. (दूध आटवून केलेल्या आपल्या कुंद्याबद्दल मी काही बोलत नाही, मला बेळगावात राहायचं आहे.)

खरा फायदा डाळी-कडधान्यांत आहे. भात कापल्यावर शिवारात उरलेल्या ओलीवर मसूर येतो, पाटाचं पाणी मागत नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणजे युरियाही वाचतो. आमच्या घरी बुधवारी अख्ख्या मसुराची आमटी आणि जोंधळ्याची भाकरी असते. मटणाचा विषय त्या दिवशी कुणी काढत नाही. पाणी तुंबलेल्या भातखाचरातूनही मिथेन निघतो, हे लेकीला सांगून बघा. भात सोडायला ती तयार होईल असं मला वाटत नाही.

तुमच्या म्हशी पिंजर, उसाचं वाडं खातात, जे माणसाच्या ताटात येत नाही. त्यामुळे जनावरं विकायची घाई नको. मटण सणावारी ठेवा, पनीरही तसंच. आणि जमलं तर लहानसा गोबरगॅस बसवा: शेणातला मिथेन शेगडीत जळेल, सिलिंडर जास्त दिवस पुरेल, मळी शेताला जाईल. अनुदान चालू आहे का, ते पंचायतीत विचारून घ्या.