दस्त्यावरच्या कोरीव अक्षरांना हात लावण्याआधी

आधी पॉलिश पेपर बाजूला ठेवा. तुमच्या ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बटावर (लाकडी दस्त्याचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) ‘जे. एच.’ ही अक्षरं आणि खाली सात खाचा आहेत; त्या सैनिकाच्याच हातच्या का, आणि दस्ता घासून नव्यानं तेल द्यावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: घासू नका. अक्षर खरं की बनावट हे अक्षरापेक्षा भोवतीच्या लाकडावरून जास्त कळतं. तो थर खरवडला की पुरावाच गेला.

बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका) काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) रिकामं आहे याची डोळ्यानं आणि बोटानं खात्री करा. मग खोलीत अंधार करून टॉर्च लाकडाला जवळजवळ समांतर धरा, १०-१५ अंशांचा कोन पुरे, आणि १० पट भिंगातून पाहा. जुन्या अक्षराचे काठ हाताळून गोलसर झालेले असतात, तळाशी तेल-घाम-मळाचा काळा, कडक थर असतो. नंतर बसलेले ओरखडे आणि पोचे अक्षराला ओलांडून जातात. नव्या कामाचा काठ बोटाला टोचतो, तळाचे तंतू फिकट दिसतात. रंग लावून जुनं भासवलं असेल तर रंग कोपऱ्यांत साचलेला सापडतो. एखादा जुना पोचा अक्षरानं कापला गेला असेल, तर अक्षर त्या पोच्यानंतरचं, एवढं नक्की.

हीच क्रमाची कसोटी मोसिन-नागांत या रशियन रायफलीवर फार उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत दुरुस्त झालेल्या अनेक रायफलींना चपडीचं (शेलॅक, लाखेचं) पॉलिश दिलेलं आहे. चपडी अक्षराच्या आत उतरली असेल तर कोरीव काम दुरुस्तीच्या आधीचं. अक्षरानं चपडी फोडली असेल तर नंतरचं. अतिनील टॉर्चखाली जुनी चपडी नारिंगी चमकते, त्यामुळे फरक चटकन दिसतो.

सात खाचांना मारलेल्या शत्रूंची मोजदाद समजून वाढीव किंमत देऊ नका. खाचेला नाव नसतं, तारीख नसते, आणि चाकूनं ती पाच मिनिटांत पाडता येते. शिवाय ली-एनफिल्डचं बट हा वेगळा तुकडा आहे, आतल्या एका लांब, आट्यांच्या बोल्टवर (स्क्रूवर) बसलेला. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे तो बदलत: नेहमीच्या मापाखेरीज ‘एल’ लांब, ‘एस’ आखूड, ‘बी’ त्याहून आखूड; ही खूण बटप्लेटजवळ (बटाच्या टोकाची धातूची पट्टी) वरच्या कडेला शोधा. म्हणजे अक्षरं अस्सल ठरली तरी ती बटाची आहेत. नळी आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा मुख्य भाग) त्याच माणसाकडे होते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

रायफल सरकारी मालमत्ता, दस्त्याची नासधूस हा शिक्षेचा विषय. म्हणून खासगी खुणा लपवलेल्या जागी शोधाव्यात: बटप्लेटखाली, नळी बसते त्या लाकडी पन्हळीत, नळीवरच्या लाकडी आवरणाच्या म्हणजे हँडगार्डच्या आत. मात्र पन्हळीतले पेन्सिलचे आकडे बहुधा शस्त्र-कारागिरांचे असतात, त्यांत सैनिक शोधू नका. बटाच्या उजव्या बाजूची पितळी चकती तर अधिकृतच. तीवर पलटणीची संक्षिप्त अक्षरं आणि रायफलीचा पलटणीतला क्रमांक ठोकत. १९१६ च्या सुमारास उत्पादन सोपं करताना ती वगळली गेली. असेल तर ब्रासोसारखं धातूचं पॉलिश लावू नका, ठसे उथळ असतात.

स्विस लष्कराची के-३१ रायफल ही या छंदातली सर्वात सुंदर गोष्ट. बटप्लेटचे दोन स्क्रू काढले की कधीकधी आत कागदाची चिठ्ठी मिळते: सैनिकाचं नाव, पत्ता, तुकडी. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारंच पातं वापरा; चिठ्ठी ओढू नका, आधी जागेवर फोटो घ्या. कागद तेलानं चिकटला असेल तर तसाच राहू द्या. सुटा असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. माणूस हयात असू शकतो, त्यामुळे पत्ता जाहीर करू नका.

लपवाछपवीला मोठा अपवाद दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचा (१८९९-१९०२). बोअर बर्गर (शस्त्र घेऊन लढणारे नागरिक) गणवेशातले शिपाई नव्हते, रायफल घरीच असे, त्यामुळे ७ मिमी माउझर रायफलीच्या बटावर पूर्ण नावं ठसठशीत कोरलेली आढळतात. ऑरेंज फ्री स्टेट या बोअर प्रजासत्ताकाच्या रायफलींच्या रिसीव्हरवर ‘ओ. व्ही. एस.’ असतं. अशा बटांना मागणी मोठी, म्हणून बनावटही तिथंच जास्त. नाव पाहून हुरळण्याआधी बोल्ट आणि रिसीव्हरचे क्रमांक जुळवा.

आता सफाई. सुती कापडावर थोडं मिनरल टर्पेंटाईन, आधी लपलेल्या जागी चाचणी, मग वरचा चिकट थर तेवढा पुसा. अक्षरांतला काळा मळ काढू नका. स्टील वूल नाही, ओव्हन क्लीनर नाही. पोचा उठवायला वाफही नको. लाकूड फुगून शेजारचं अक्षर बुजतं. लाकूड कोरडं पडलं असेल तरच कच्च्या जवस तेलाचे दोन-तीन थेंब तळहातानं चोळा आणि तासाभरानं उरलेलं पुसून काढा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवस तेल वाळताना तापतं आणि त्या आपोआप पेटतात. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा.