सोलापुरात राहून आर्किटेक्चरचं प्राध्यापक आणि संशोधक होण्यात काही अर्थ आहे का?

बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहात, शिकवायची आवड आहे, पण घरचे म्हणतात की ज्यांचं ऑफिस चालत नाही तेच शिकवायला जातात, आणि सोलापुरात बसून कसलं संशोधन होणार, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरचाच, याच कामात आहे. घरच्यांचा पहिला टोमणा अर्धा खरा आहे. दुसरा अजिबात नाही.

सहायक प्राध्यापक व्हायला बी.आर्क., एम.आर्क. (दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी) आणि 2 वर्षांचा व्यवसायातला अनुभव लागतो. हा अनुभव कुठल्या तरी ओळखीच्या ऑफिसातून नुसतं सर्टिफिकेट आणून उरकणारे आहेत, आणि टोमणा त्यांच्यामुळेच पडतो. विद्यार्थ्याने जिन्यात डोकं आपटेल असा सेक्शन काढला, तर ते एका नजरेत दिसायला तुम्ही साइटवर सेंट्रिंगवाल्याशी भांडलेलं असावं लागतं. तेव्हा आधी नोकरी करा, नीट करा. मधल्या काळात गेट (GATE) या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चर-प्लॅनिंगचा पेपर द्या. पात्र होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.आर्क.ला प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं.

पगाराचं सरळ सांगतो. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. पण आपल्याकडची बरीचशी आर्किटेक्चर कॉलेजं विनाअनुदानित आहेत, आणि तिथे सुरुवात अनेकदा करारावर किंवा तासिका तत्त्वावर होते. मुलाखतीत आकडा विचाराल तेव्हा तो दर महिन्याला हातात पडतो का, हेही विचारा. लाजू नका.

कामाचा मोठा भाग स्टुडिओत जातो. एकेका मुलाच्या बोर्डाशेजारी बसून प्लॅन तपासायचा, ट्रेसिंगवर दुरुस्ती काढून दाखवायची, पुढच्या आठवड्यात तोच प्लॅन तसाच परत आलेला पाहायचा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजची प्रतवारी करणाऱ्या संस्थेच्या, फायली येतात, पण त्या कुणाला चुकल्यात? सोलापूरची अडचण निराळी. मुलाच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड, मित्रांत मराठी, आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडताना, एकदम इंग्रजी. चांगलं डिझाइन केलेली मुलं तिथे गप्प होतात. मी त्यांना मराठीत बोलायला लावतो. बाहेरून आलेल्या काही ज्युरींना ते आवडत नाही, न आवडो.

आता संशोधन. मुंबई-पुण्याच्या लोकांना विषय शोधावा लागतो, आपल्याला तो निवडावा लागतो. जुन्या पेठांतली माळवदाची घरं घ्या. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर माणसं वर गच्चीवर झोपायला गेलेली असतात. म्हणजे ते छत आणि ती झोपायची सवय मिळून उन्हाळा भागवत होते. माळवद काढून स्लॅब टाकला की संध्याकाळपासून खोली भट्टी होते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण एकाच गल्लीतल्या दोन घरांत तापमान नोंदवणारी यंत्रं उन्हाळाभर ठेवून किती अंशांचा आणि किती तासांचा फरक पडतो ते मांडणं, हे संशोधन.

किंवा शहराच्या पूर्व भागात जा. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड, मधल्या जिन्यात सुताचे कोन. झोपडपट्टी पुनर्वसनाचे ठरीव प्लॅन अशा घराला बसतच नाहीत, कारण ते घर हाच कारखाना आहे. कुंभारीत विडी कामगारांसाठी आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची 10,000 घरं झाली, नंतर इतर असंघटित कामगारांनाही धरून रे नगरची 30,000 घरांची योजना आली. त्यातल्या 15,000 घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं. राहायला गेलेल्या बाईने विड्या वळायला उजेडाची जागा कुठे शोधली, कुणी पत्र्याचा आडोसा काढला, कुणी दार हलवलं? एवढं मोठं काम शहराच्या उंबऱ्यावर असताना आपली मुलं थिसिसला परदेशी म्युझियमचे प्लॅन चाळतात, याचा मला राग येतो.

पीएच.डी. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते. कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं. मुदत किमान 3, कमाल 6 वर्षं, स्त्रियांना आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते. गाईड शोधताना त्यांचं नाव किती मोठं यापेक्षा ते तुमच्या विषयात फिल्डवर उतरलेत का ते बघा. आणि पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. यूजीसीने 2025 मध्ये मान्य जर्नलांची स्वतःची केअर यादीच बंद केली, त्यामुळे बरं-वाईट पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि कॉलेजवर आहे.

थिसिसचा विषय अजून दिला नसेल, तर या एप्रिलमध्ये एक माळवदाचं घर मोजून काढा. मालकाला आधी विचारा, टेप आणि एक सोबती घ्या, आणि सकाळी लवकर जा. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. त्या शीट एम.आर्क.च्या मुलाखतीत दाखवता येतील, आणि पुढे पीएच.डी.च्या प्रस्तावातही त्यांचाच उपयोग होईल.